साखळीची माप आणि घरातली हत्यारे

हान्स रेनॉल्ड हा स्वित्झर्लंडमधल्या आराऊचा तरुण १८७३ साली मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्याने शेजारच्या सॉल्फर्डमधला, कापड गिरण्यांसाठी साखळ्या बनवणारा जेम्स स्लेटरचा छोटा कारखाना विकत घेतला. स्लेटरने १८६४ मध्येच साखळीचे पेटंट घेतले होते. पण त्याच्या साखळीतली पिन पट्ट्यांच्या पातळ कडांवर घासत असे आणि लवकर झिजत असे. १८८० मध्ये रेनॉल्डने पिन आणि रोलर यांच्यामध्ये एक पोकळ बुश बसवले. भार पसरला, झीज मंदावली, आणि मोटारसायकलचे मागचे चाक आज जिच्यावर फिरते ती साखळी तयार झाली. (बोलताना तिला कोणी साखळी म्हणत नाही, सगळे चेन म्हणतात; साखळी हा शब्द आपण दाराला, कैद्याला आणि साहित्यसमीक्षेला राखून ठेवला आहे.)

या शोधाचा इतिहास लिहिला गेला आहे. ही साखळी घरी बदलायची तर कोणती हत्यारे लागतात आणि ती कोणाला परवडतात, हा प्रश्न मात्र इतिहासाचा मानला जात नाही. माझ्या मते तो इतिहासाचाच आहे. हत्यार स्वस्त की महाग हे दुकानात ठरण्याआधी साखळीच्या रचनेतच बरेचसे ठरून गेलेले असते.

मोटारसायकलींनी ही साखळी लगेच स्वीकारली नाही. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना चामड्याचा किंवा रबरी पट्टा असे. १९१५ च्या ट्रायम्फ 'मॉडेल एच'मध्ये इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत साखळी होती, पण पुढे मागच्या चाकापर्यंत पट्टाच होता. पट्टा पावसात घसरत असे, ताणला जात असे. पण तो तुटला तर रस्त्याच्या कडेला बसून कापता येई आणि धातूच्या आकड्याने पुन्हा जोडता येई. पोलादी साखळीने ही सोय काढून घेतली असती. ती टिकली याचे श्रेय एका क्षुल्लक वाटणाऱ्या भागाकडे जाते: सुटी होणारी जोडकडी, आपले मेकॅनिक जिला 'लॉक' म्हणतात. दोन पिना, एक पट्टी आणि माशाच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप. एका साध्या पकडीने ती निघते आणि बसते. या क्लिपचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे, म्हणजे मासा पुढे पोहत असावा. उलटी बसवली तर अडथळा लागून ती उडून जाऊ शकते. कारखान्याची मक्तेदारी वाहनधारकाच्या अंगणात आणणारा हा भाग आहे, आणि त्याची किंमत नगण्य असते.

भारतात या कथेला मापांचा गुंता येऊन मिळाला. साखळीचे माप मुळात इंचातले. आपल्याकडच्या लहान गाड्यांवर सर्रास दिसणारा ४२८ हा आकडा घ्या: त्यातला पहिला ४ म्हणजे दोन पिनांमधले अंतर चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच. ५२० मधला ५ म्हणजे पाच अष्टमांश. वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली, पण साखळीने इंच सोडला नाही. नट-बोल्टांचे आणखी निराळे. मँचेस्टरच्याच जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले होते, आणि १९५५ साली मद्रासला सुरू झालेल्या एन्फिल्ड इंडियाच्या बुलेटवर त्याच घराण्यातल्या मापांचे नट आले. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. नवख्याला चकवा देण्याची ती हमखास सोय होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत म्हैसूरला बनू लागलेली जावा मात्र चेक वंशाची, म्हणजे मिलिमीटरवाली. एकाच गल्लीत बुलेट आणि जावा असतील तर पान्यांचे दोन संसार लागत. जपानी सहकार्याने आलेल्या गाड्यांनी १९८० च्या दशकात मिलिमीटरची बाजू कायमची बळकट केली. 'बारा-तेरा दे', 'चौदा-पंधरा कुठंय' ही गॅरेजमधली आकड्यांची बोली दुतोंडी मेट्रिक पान्यांचीच आहे. कोशात तिची नोंद व्हायला हवी.

हे सारे ध्यानात घेतले की निवड सोपी होते. पहिले हत्यार शाळेच्या दप्तरात सापडते. ४२८ ची साखळी ताणून धरावी आणि वीस कड्या मोजाव्यात: नवी असेल तर त्या बरोबर दहा इंच, २५४ मिलिमीटर भरतात. साधारण दोन टक्के वाढ, म्हणजे २५९ च्या आसपास, झाली की तिचे आयुष्य संपले असे समजतात. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. साखळी 'लांबते' असे आपण म्हणतो, पण पोलाद लांबत नाही, आतल्या पिना आणि बुश झिजतात. दातेरी चक्रेही तिच्याबरोबरच झिजत असल्याने ती सोबतच बदलावी लागतात.

मागच्या चाकाच्या एक्सलसाठी नेमक्या मापाचा रिंग पाना घ्यावा. इथे बचत म्हणून पुष्कळ जण स्क्रू पान्याकडे, म्हणजे जबडा सरकणाऱ्या पान्याकडे वळतात. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनने १८९२ मध्ये त्याचे पेटंट घेतले ते एकाच हत्याराने अनेक मापे भागावीत म्हणून. नाशिकच्या टपारियासारख्या कंपन्यांनी तशी हत्यारे आपल्याकडे घरोघर पोचवली. घरातल्या नळाला तो उत्तम. घट्ट बसलेल्या एक्सलच्या नटाचे कोपरे मात्र तो गोल करून टाकतो, आणि मग बचतीचे पैसे गॅरेजात मोजावे लागतात.

चेन-ब्रेकर हे पिन ढकलून काढायचे हत्यार. स्वस्त ब्रेकरची टाचणी वाकते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण दोष बहुधा पद्धतीचा असतो. पिनेचे चेपलेले डोके आधी कानशीने सपाट घासून घेतले तर साधा ब्रेकरही पुरतो, आणि जुनी साखळी टाकूनच द्यायची असेल तर ग्राइंडर, पंच आणि हातोडीवर भागते. खरा पेच १९७० च्या दशकापासून पसरलेल्या ओ-रिंगच्या साखळ्यांनी आणला. वंगण आत बंद राहते, साखळी फार टिकते. पण मोठ्या गाड्यांवर तिची जोडकडी क्लिपची नसून रिव्हेट केलेली असते. ती पिन ठरावीक मापापर्यंतच फुलवायची असते. हातोडीने अंदाजे ठोकणे इथे धोक्याचे, कारण वेगात सुटलेली साखळी चाक जाम करू शकते. वर्षानुवर्षांत एकदा लागणारे हे हत्यार एकट्याने विकत घेण्यात अर्थ नाही. चार जणांत एक घ्यावे, नाहीतर तेवढे एक काम गॅरेजला द्यावे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे रॉबर्ट पर्सिगचे १९७४ चे पुस्तक आठवेल. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती करून मित्राच्या गाडीचे सैल हँडल बसवू पाहणारा निवेदक, आणि आपल्या बीएमडब्ल्यूला तसला पत्रा लावायला नकार देणारा मित्र. या प्रसंगावर भरपूर लिहिले गेले आहे. त्या बीएमडब्ल्यूला साखळीच नव्हती, चाकापर्यंत शाफ्ट होता, हा तपशील सहसा निसटतो. डागडुजीची सवय आणि डागडुजीची सक्ती यांचे नाते तिथे तपासता आले असते. आपल्याकडे असाच फरक व्हेस्पा घराण्यातल्या स्कूटरचा: इंजिन थेट चाकापाशी, साखळी नाही. स्कूटरवाल्या घरात स्पार्क प्लगचा पाना सापडतो, चेन-ब्रेकर नाही.

नवी साखळी बसवताना जुनी आधी पूर्ण काढू नये. पुढचे चक्र झाकणाआड असते, ते बदलायचे नसेल तर जुनीच्या मोकळ्या टोकाला नवी लॉकने अडकवावी आणि दुसऱ्या टोकाने जुनी हलके ओढावी. नवी आपोआप चक्रावरून फिरून बाहेर येते. याला कोणतेही हत्यार लागत नाही.