तुणतुण्याची बाजू

वाद्यांच्या उतरंडीत तुणतुण्याला शेवटची जागा मिळते. आधी तंबोऱ्याच्या चार तारा, मग दिंडीतल्या वीणेचा मान, आणि सगळ्यांच्या मागे गोंधळ्याच्या काखेतले हे लाकडी नळकांडे. ज्याला तंबोरा परवडत नाही त्याने काढलेली सोय, एवढ्यावर त्याची बोळवण होते. वर्धा, नागपूर, भंडारा या पट्ट्यातली खडी गंमत, देवीचा गोंधळ आणि कलगी-तुऱ्याची शाहिरी यांच्याकडे नीट पाहिले, तर हा समज टिकत नाही. उभ्याने, उघड्यावर, डफाला लागून गाणाऱ्या माणसांसाठी तुणतुणे घडले, आणि त्या कामात तंबोरा त्याची जागा घेऊ शकत नाही. याचा पहिला पुरावा त्याच्या घडणीतच आहे.

वरून उघडी असलेली लाकडी पोकळ नळी घ्यायची आणि तिचे बूड कातड्याने मढवायचे. कातड्याच्या मधोमध बारीक छिद्र पाडून त्यातून तार ओवायची. ताणाने कातडे फाटू नये म्हणून खालून एखादी चकती अडकवायची. नळीच्या अंगाला बाहेरून एक काठी ठोकलेली असते. तार नळीच्या पोटातून वर येऊन त्या काठीच्या टोकावरच्या खुंटीला गुंडाळली, की वाद्य तयार. पडदे नाहीत, घोडी नाही. तंबोऱ्याची तार घोडीवरून भोपळ्याच्या तबकडीला समांतर जाते. तुणतुण्याची तार कातड्यात सरळ उभी रोवलेली असते, आणि सगळा फरक इथेच पडतो. छेडलेली तार एका पूर्ण हेलकाव्यात दोन्ही टोकांना, म्हणजे दोनदा ताणली जाते, आणि दोन्ही वेळा कातड्याला ओढ देते. त्यामुळे तार कंप पावते त्याच्या दुप्पट वेगाने कातडे हलते आणि आवाज एक सप्तक वर चढून बाहेर पडतो. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या वाद्य-अभ्यासकांनी 1914 मध्ये वाद्यांची वर्गवारी मांडली, तेव्हा या जातीच्या वाद्यांना त्यांनी चर्मवाद्यांत टाकले, ‘छेडायचे ढोल’ म्हणून. पुढच्या अभ्यासकांनी तारेचा हा दुहेरी ताण दाखवून त्यांना तंतुवाद्यांत आणले. मला हा वादच बोलका वाटतो. सूर आणि ठेका हे दोन्ही एकाच छेडीत देणारे वाद्य कोणत्याही एका खणात नीट बसणार नाही.

आता हे वाद्य फडात कुठे उभे असते ते पाहावे. शाहिराच्या हाती डफ असतो, आणि डफाचा आवाज खाली, छातीत घुमणारा. त्याच पट्टीत वाजणारी तार त्यात बुडून जाईल. तुणतुण्याचा आवाज त्याच्या वरून जातो आणि चौकाच्या पलीकडे पोचतो. शिवाय ते वाजवणारा माणूस बहुधा झीलकरी असतो: शाहिराने ओळ टाकली की तिचे शेवटचे टोक उचलून वरच्या सुरात ‘जी जी जी’ लांबवणारा. कानाजवळ तोच सूर सतत मिळत असल्यामुळे त्याची झील ढळत नाही, आणि हातातली छेड लयीला धरून असल्यामुळे शाहीर कवनाच्या भरात पुढे धावला तरी त्याला परतायला जागा राहते. खड्या गंमतीत माणसे उभी असतात, फिरतात, मध्येच सोंग घेतात. मांडीवर टेकवायचे वाद्य तिथे अडचणच करील.

इतिहासही हेच सांगतो. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर पोवाडा रचला तो 1659 च्या प्रसंगावर, आणि पोवाड्याच्या गायनात डफ-तुणतुण्याची जोडी आजवर तुटलेली नाही. यादवांच्या देवगिरीत तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि एकतंत्री वीणेला थोर मान दिला. ती वीणा तुणतुण्याची आजी होती असे मात्र म्हणता येत नाही. तिची घडण निराळी. तुणतुण्याला असला कुलीन वंश जोडायची गरजही नाही, कारण त्याला जगवले ते कुळाचाराने. 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. दरबारी कलावंतांचा आश्रय गेला, पण लग्नानंतर घरात घातला जाणारा गोंधळ दरबारावर अवलंबून नव्हता. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई, असे गोंधळी संबळ-तुणतुणे घेऊन यजमानाच्या दारी येतच राहिले. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या मराठी जिल्ह्यांतले आणि वऱ्हाडातले गोंधळी नोंदले आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एकच सूर, तो कंटाळवाणाच. पण मग दिंडीतल्या वीणेचे काय? तीही चाल वाजवत नाही, सूर धरते. सेलू तालुक्यातल्या घोराडला केजाजी महाराजांच्या ठिकाणी असो की पंढरीच्या वाटेवर, वारकरी वीणा जमिनीवर टेकवत नाहीत, हातातून हातात देतात. तिथे ज्याला अखंडपणा म्हणून हात जोडतो, त्यालाच गंमतीच्या फडात रटाळ म्हणणे हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पेटी आली, तुकडोजी महाराजांची खंजिरी घरोघरी पोचली, ध्वनिक्षेपक आला. वाद्य पुरेसे असते तर मागे का पडले असते? आज वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांत खंजिरी भजनाची मंडळे आहेत. मात्र तिथे बसलेले मंडळ एका चालीत मिळून गाते, सवाल-जवाबाला उभा राहिलेला फड तसा गात नाही. कामच बदलले, म्हणून वाद्य बदलले. पेटीचेही तेच: तिची पट्टी ठरलेली, गळ्याने तिच्याकडे यायचे. तुणतुण्याची खुंटी अर्धा वळसा पिळली की सूर त्या रात्रीच्या गळ्याकडे येतो, मग तो बसलेला असो की चढलेला.

म्हणून शाहिरांची कवने उतरून घेताना नुसते शब्द आणि शाहिराचे नाव नोंदून भागायचे नाही. झीलकऱ्याने तार कोणत्या सुराला लावली, कवन चढत गेल्यावर मध्येच पिळली का, छेड डफाच्या कोणत्या घातावर पडली, हेही लिहिले पाहिजे, आणि त्याच पानावर झीलकऱ्याचे नावही आले पाहिजे.