मुंबईचें भाडें कोणीं भरलें?

मालवणच्या किनाऱ्यावरील माणसास ‘तुझें घर कोठें?’ असें विचारावें, तर मुंबईंत पंचवीस वर्षें काढलेलीं असलीं तरी तो आपल्या गांवाचेंच नांव सांगतो. मुंबईंत त्याची असते ती ‘खोली’, घर गांवीं. या दोन शब्दांतील अंतर केवळ जिव्हाळ्याचें नाहीं. मुंबईच्या घरभाड्याचा शंभर वर्षांचा इतिहास त्यांत सांठलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

1921 च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती सुमारें पावणेबारा लाख भरली. त्यांतील दोन लाखांहून अधिक माणसें रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं होतीं. मालवण तेव्हां त्याच जिल्ह्यांत मोडे. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 सालीं. हे चाकरमानी गिरणगांवांत एकेका खोलींत दहा-बारा जण मिळून राहात. भाडें वांटून घ्यावयाचें, ट्रंका भिंतीशीं रचावयाच्या, दिवसपाळीचा उठला कीं त्याच्या जागीं रातपाळीच्यानें अंग टाकावयाचें, व जेवण खाणावळींत. बायकामुलें, म्हातारीं माणसें, आजारानें परतलेला गडी हीं सारीं गांवच्या घरीं. गिरणीनें पगार दिला तो एकट्यापुरता. कुटुंबाच्या निवाऱ्याचा भार कोंकणांतील चिऱ्याच्या भिंतींनीं व भाताच्या कुणग्यांनीं उचलला. मुंबईची मजुरी स्वस्त राहिली, ती भाड्याचा मोठा वांटा गांवानें मुकाट्यानें भरला म्हणून.

सरकार अगदींच स्वस्थ बसलें होतें, असें नव्हे. 1918 सालीं युद्धकाळच्या भाडेवाढीस आळा घालणारा कायदा झाला. पुढें जॉर्ज लॉइड गव्हर्नर असतां कापसाच्या दर गांठीवर एक रुपया जकात बसवून विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें 207 चाळी उठविल्या. खोली 160 चौरस फुटांची. परंतु आरंभीं कित्येक वर्षें यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. गिरण्या दूर, आणि भाडें मजुराच्या आवांक्याबाहेर. खोल्यांची टंचाई व रिकाम्या खोल्या एकाच शहरांत एकाच वेळीं नांदूं शकतात, हें तेव्हांच दिसून आलें होतें.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानें 1 सप्टेंबर 1940 चें भाडें प्रमाण धरलें. या कायद्याचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. त्याच्या भरंवशावर कित्येक चाकरमान्यांनीं बायकामुलें मुंबईस आणलीं व मुलें शाळेंत घातलीं. पण रुपयाची किंमत घसरत गेली व भाडें जागच्या जागीं राहिलें. मालकानें डागडुजी सोडली. ती अखेर 1969 च्या कायद्यानें सरकारास अंगावर घ्यावी लागली. नव्या भाडेकरूस पागडीवांचून दार उघडेना. कायद्यानें आंतल्यास राखलें व उंबऱ्याबाहेरच्यास बाहेरच ठेविलें. 1999 च्या कायद्यानें दरसाल शेंकडा चार वाढीची मोकळीक दिली, तरी ही गांठ पुरती सुटली नाहीं.

18 जानेवारी 1982 रोजीं गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला व पुढें बहुतेक गिरण्या बुडाल्या. त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. कामगारांसाठीं 2012 पासून सोडतीनें घरें मिळूं लागलीं. परंतु अर्जदार लाखावर व घरें कांहीं हजार. विकास खात्याच्या चाळींतील कांहीं भाडेकरूंस 2025 सालीं वरळींत 500 चौरस फुटांचीं घरें मिळालीं, ही आनंदाची गोष्ट. पण चाकरमान्यांचीं बहुतेक मुलें त्यापूर्वींच नालासोपारा, विरार, डोंबिवली येथें गेलीं होतीं.

इकडे गांवच्या घराच्या उताऱ्यावर पांच-पंचवीस वारसांचीं नांवें चढलीं. कांहीं घरें चतुर्थीपुरतीं उघडतात. तारकर्लीसारख्या ठिकाणीं अनेकांत पाहुण्यांसाठीं रोजच्या भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या भाडें भरणाऱ्यांच्या वंशजांस चार पैसे मिळाले, तर आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु गेल्या वर्षीं बदलीवर मालवणांत आलेले आमचे एक शिक्षक-स्नेही वर्षभरासाठीं दोन खोल्या शोधीत हिंडले, तेव्हां त्यांस जेथें तेथें एकच उत्तर मिळालें: ‘मास्तर, ती पर्यटकांसाठीं ठेवली आहे.’

मुंबईंत जें भाडें परवडलें नाहीं, तें गांवच्या घरानें भरून काढलें. तेंच घर आतां गांवांत राहूं पाहणाऱ्यास परवडेनासें झालें, तर तो भार उचलावयास मागें दुसरें गांव उभें नाहीं.