छापील पानापासून बोलक्या पुस्तकापर्यंत

वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन चालतं. रोज रात्री एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांत आपल्याच वस्तीतला एक दृष्टिहीन तरुण असतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्याने असा तीन पावसाळे ऐकला. एका रात्री वाचन संपल्यावर तो म्हणाला, “काका, तुम्ही जिथं थांबता तिथंच मलाही थांबावं लागतं. मागचं पान मला परत बघायचं असलं तर मी कुणाला सांगू?” आम्ही गप्प झालो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलं, त्याच समाजाच्या विहारात बसून आपला एक पोरगा विचारत होता, माझ्या हातात पुस्तक कधी येणार? त्याचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो या स्मरणिकेत मांडत आहोत.

ऐकून धम्म टिकवणं ही आपली जुनी रीत. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर काही शतके भिक्खूसंघाने सारा उपदेश मुखोद्गत ठेवला. दीघनिकाय म्हणणारे दीघभाणक वेगळे, मज्झिमनिकाय म्हणणारे वेगळे. सगळे मिळून म्हणत, म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला लगेच कळे. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, अलुविहारात, त्रिपिटक ताडपत्रावर उतरलं असं परंपरा सांगते. ग्रंथ सुरक्षित झाला ही मोठीच गोष्ट. पण ग्रंथ पानावर गेला तसा तो डोळ्यांच्या ताब्यात गेला आणि छापखाना आल्यावर तर पुरताच गेला.

१८२४ साली पॅरिसच्या अंधशाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेल या पंधरा वर्षांच्या मुलाने सहा ठिपक्यांची लिपी बसवली. तो स्वतः अंध होता, हे विसरू नये. आपल्यासाठीचं हत्यार त्याने आपणच घडवलं. पण ब्रेलचे ग्रंथ जाडजूड, महाग, आणि छापणारे मोजके. कुठलं पुस्तक ब्रेलमध्ये येणार हे दुसराच कुणी ठरवणार.

१९७६ मध्ये अमेरिकेत रे कुर्झवाईल यांनी छापील पान वाचून दाखवणारं यंत्र जगापुढे आणलं. प्रसिद्ध अंध गायक स्टीव्ही वंडर हे त्याचे पहिले खाजगी गिऱ्हाईक. सामान्याच्या आवाक्यात ते नव्हतं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील जिम फ्रुक्टरमन या इंजिनियरने आर्केनस्टोन नावाची, नफा न घेणारी संस्था काढली. साधा संगणक आणि स्कॅनर जोडून तिने वाचनयंत्रं स्वस्त केली. आता अंध माणूस घरात बसून स्वतःचं पुस्तक स्कॅन करू लागला. एक जोडपान काचेवर पालथं घालायचं, दाबून धरायचं, उचलायचं, उलटायचं, पुन्हा घालायचं. तीनशे पानांच्या पुस्तकाला तासन्‌तास लागत. आणि खरी गंमत, किंवा खरं दुःख म्हणा, ते पुढेच आहे. तेच पुस्तक शंभर अंध माणसं शंभर घरांत शंभर वेळा स्कॅन करत होती! एकाची मेहनत दुसऱ्याच्या उपयोगी पडत नव्हती.

हे कोडं सुटायला दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक दुरुस्ती झाली. सिनेटर जॉन चाफी यांच्या नावाने ती ओळखली जाते. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या इतर अपंगांसाठी, अधिकृत संस्थेला प्रकाशकाची परवानगी न घेता खास स्वरूपात पुस्तक तयार करता येईल, असं तिने ठरवलं. दुसरी गोष्ट म्हणजे नॅपस्टर. फ्रुक्टरमन यांच्या मुलाने त्यांना हा प्रकार घरच्या संगणकावर दाखवला. पोरं त्यातून एकमेकांची गाणी उतरवून घेत. गाण्यांची ती देवघेव पुढे कोर्टाने बंद पाडली. पण हीच देवघेव अंधांच्या पुस्तकांची केली तर ती कायद्यात बसते, हे या माणसाने ओळखलं. २००२ मध्ये ‘बुकशेअर’ हे ग्रंथालय उघडलं. सुरुवातीचा साठा अंध वाचकांनी आपापल्या घरी केलेल्या स्कॅनचाच होता.

आम्हाला यात सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते पानं तपासणारे स्वयंसेवक. कुणी पुस्तक स्कॅन करून पाठवी, पण दुसऱ्या स्वयंसेवकाने तपासून पास केल्याशिवाय ते वाचकाला मिळत नसे. गिरणीत फोल्डिंग खात्यात ठाण टेबलावरून सरकताना डाग आणि तुटका धागा हेरतात, तसंच हे काम. यंत्र अक्षर वाचतं, अर्थ वाचत नाही. इंग्रजीत आर आणि एन जवळजवळ छापले गेले की यंत्राला ते एम वाटतात, मग ‘मॉडर्न’चं ‘मोडेम’ होतं. हाही खराच शब्द, म्हणून संगणकाच्या शब्दकोशाला संशय येत नाही. तिथे माणूसच पाहिजे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव असतं. ते काढलं नाही तर वाक्याच्या मध्येच आवाज ते नाव घेतो. पानाचा आकडा मात्र ठेवावा लागतो, कारण वर्गात मास्तर पान सांगतात. तपासणाऱ्यांत अंध माणसंही पुष्कळ होती. ते कानाने तपासत.

२००७ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या ग्रंथालयाला पाच वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलर दिले आणि तिथल्या पात्र विद्यार्थ्यांना ते फुकट झालं. पुढे प्रकाशक आपला मजकूर थेट देऊ लागले. आज तिथे दहा लाखांहून अधिक पुस्तकं आहेत. सुरुवात मात्र घरोघरच्या स्कॅनरवर झाली होती.

काही लोक म्हणतील, ही दयेची गोष्ट आहे. आम्हाला तसं वाटत नाही. स्वयंसेवकांनी केलं ते श्रमदान खरंच. पण १९९६ चा कायदा नसता तर हेच स्वयंसेवक चोर ठरले असते. दान मनावर असतं, हक्क कागदावर लागतो. हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळं सांगायला नको.

आपल्या देशात तो कागद २०१२ मध्ये आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दुरुस्ती होऊन अपंगांसाठी सुलभ प्रत करण्याची मोकळीक मिळाली, आणि आपली दुरुस्ती अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याहून ऐसपैस आहे. जगभरच्या अंधांच्या संघटना या परिस्थितीला पुस्तकांचा दुष्काळ म्हणत. त्यावर जून २०१३ मध्ये मोरोक्कोतील मराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७६ चे ते गिऱ्हाईक स्टीव्ही वंडर यांनी करार झाला तर येऊन गाईन असा शब्द दिला होता, तो त्यांनी तिथे पाळला. २०१४ मध्ये या कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर करार अमलात आला. संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारी एनव्हीडीए ही फुकट प्रणालीही ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केली. लुई ब्रेलची आठवण होते.

एवढं असूनही इंग्रजीच्या मानाने मराठी पुस्तकं फार थोडी. आपल्या लिपीचं यंत्रवाचन उशिरा सुरू झालं, आणि आपली अक्षरंही एकमेकांच्या तोंडावळ्याची. ‘ख’चं ‘रव’ होतं, अनुस्वार उडून जातो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० नंतरच्या दशकात सबंध पाली त्रिपिटक संगणकावर चढवून सीडीवर आणलं. विपश्यनेबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असोत. पण काम डोंगराएवढं झालं. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा कॉपीराइट १ जानेवारी २०१७ पासून संपला आहे, तेव्हा तिथे कायद्याचीही आडकाठी उरली नाही. उरला तो फक्त हातांचा प्रश्न.

म्हणून या वर्षी आम्ही चौघे दर रविवारी वंदनेनंतर विहारात बसतो. एकजण पानं स्कॅन करतो, तिघे तपासतात, आणि शेवटी तो तरुण कानाला लावून ऐकतो. पहिल्याच दिवशी तो हसायला लागला. यंत्राने ‘धम्म’चं ‘घम्म’ केलं होतं आणि ‘भिक्खू’चं ‘मिक्खू’. आमची नजर सवयीने त्यावरून सरकली होती. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’ त्याच्या कानाला सारखेच, ते आम्ही धरायचे. मागच्या रविवारी त्याने आम्हाला थांबवलं. “काका, पंच्याहत्तरावं पान संपतं तिथं वाक्य अर्धंच राहतं, पुढं भलतंच सुरू होतं.” पुस्तक उघडून पाहिलं. दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली होती, शहात्तर आणि सत्त्याहत्तर स्कॅनच झाली नव्हती. आठ डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. ती दोन पानं येत्या रविवारी पहिली घ्यायची आहेत.