कापड छापणाऱ्यांनी शोधलेला मोटारीचा ‘पेपर’

जळालेली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात उघडली, की स्टेटरच्या स्लॉटमध्ये लोखंड आणि तांब्याची तार यांच्यामध्ये एक पातळ पट्टी दिसते. कारागीर तिला पेपर म्हणतात. कुणी मायलर, कुणी मिलिनेक्स. ती असते पॉलिएस्टरची, आणि हे पॉलिएस्टर वीजवाल्यांनी नव्हे, कापडवाल्यांनी शोधलं.

अमेरिकेत ड्यूपाँटच्या वॉलेस कॅरोदर्स यांनी 1930च्या सुमारास पॉलिएस्टरचे धागे काढले होते. पण इस्त्री राहू द्या, ते गरम पाण्यातच मऊ पडत. कॅरोदर्स नायलॉनकडे वळले. अडलेलं काम 1941 साली पुढे नेलं इंग्लंडमधल्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी. कंपनीचा धंदा सुती कापड छापण्याचा. दोघांनी टेरेफ्थॅलिक आम्ल वापरून रेणूंच्या साखळीत बेंझिनची कडी गुंफली. साखळी ताठ झाली आणि वितळणबिंदू 250 अंशांपलीकडे गेला. धागा टेरिलीन नावानं बाजारात आला. टेरिकॉटच्या पँटी घातलेल्या पिढीला त्याची ओळख करून द्यायला नको.

याच पॉलिएस्टरची पातळ फिल्म आली 1950च्या दशकात. वितळलेलं पॉलिएस्टर सपाट फटीतून थंड रुळावर सोडतात. हा नुसता पत्रा फारसा कामाचा नसतो. तो पुन्हा तापवून आधी लांबीत आणि मग रुंदीत, दोन्हीकडे तिपटीहून जास्त ताणतात. अस्ताव्यस्त साखळ्या ओळीत बसतात, मग ताण न सोडता उष्णता देऊन त्या तशाच पक्क्या करतात. माझ्या मते खरा शोध हा ताणण्याचाच. त्यातून निघालेली 25 मायक्रॉनची फिल्म चाचणीत सुमारे 7 हजार व्होल्ट थोपवते.

तोवर मोटारीत काय असे? कागद, आणि वार्निश पाजलेलं सुती कापड. म्हणजे सुताला पर्याय ठरलेल्या पॉलिएस्टरनं त्याला स्लॉटमधूनही हुसकावलं. जुनं इन्सुलेशन जाड, शिवाय 105 अंशांच्या वर्गातलं, फिल्म 130च्या. पट्टी पातळ झाली तेवढी तांब्याला जागा मिळाली आणि तेवढ्याच हॉर्सपॉवरची मोटार लहान झाली.

गुळगुळीत फिल्मवर वार्निश मात्र नीट मुरत नाही. म्हणून तिच्या दोन्ही अंगांना पॉलिएस्टरच्याच धाग्यांचं न विणलेलं कापड चिकटवलं. दुकानात मिळणारा डीएमडी तो हाच: मधली फिल्म व्होल्टेज अडवते, बाहेरचं कापड वार्निश पितं.

उष्णता आणि ओल एकत्र आली की मात्र पॉलिएस्टरची साखळी तुटू लागते आणि फिल्म ठिसूळ होते. 1960च्या दशकात ड्यूपाँटनंच काढलेली पिवळसर कॅप्टॉन फिल्म त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते. ती वितळतच नाही. रेल्वे इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटारींत ती वापरतात. विहिरीवरच्या पंपाला तिची किंमत परवडत नाही. तिथं पॉलिएस्टरच चालतं.