बंदुकीची फळी

बंदूक भिंतीवर मांडावयाची म्हणजे तिच्याखालीं नकशीदार फळी हवीच, हा समज आपला नव्हे. आपल्याकडे शस्त्राचा मान दसऱ्याच्या पूजेंत. जिंकलेल्याचें शस्त्र जेत्याच्या दिवाणखान्याचें भूषण व्हावें, ही हौस विलायतेंतील उमरावांची. ती साहेबाच्या बंगल्यांतून आमच्या माडीवर चढली.

जळगांवच्या एका स्नेह्यांनीं अशा फळीचा आराखडा आमच्याकडे पाहण्यास धाडिला. बंदूक एन्फील्ड धर्तीची, तोंडाकडून भरावयाची, रीतसर निकामी केलेली. फळी सागाची, वर दोन वाघ, कडेनें वेलबुट्टी, आणि खालीं पितळी पट्टीवर 'औट्रम साहेबाची भिल्ल पलटण, १८२५' अशीं अक्षरें. सुताराचा हात उत्तम, यांत शंका नाहीं. पण त्या पट्टीपाशीं आम्ही अडखळलों.

एन्फील्डचा हा नमुना १८५३ चा. नळीच्या आंत पेचदार खांचा असल्यामुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते व लांबवर नेमकी लागते. नळीचें भोक ०.५७७ इंचाचें. जेम्स औट्रमनें १८२५ सालीं धरणगांवास भिल्लांची पलटण उभारली, तेव्हां ही बंदूक जन्मासही आली नव्हती. आणि १८३५ त तर त्यानें खानदेश सोडला. तेव्हां पट्टीवरचें नांव आणि साल दोन्ही या बंदुकीशीं जुळत नाहींत.

मग ती साक्ष कशाची देते? ज्या काडतुसांवरून १८५७ त उत्तरेंत वणवा पेटला, तीं याच जातीच्या बंदुकीचीं. इकडे खाज्या नाईक व भीमा नाईक उठले, आणि १८५८ च्या एप्रिलांत सातपुड्यांत अंबापाणीस मोठी लढाई झाली. हा खाज्या पूर्वीं सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा सरकारी चाकर! घाट राखणारा भिल्ल, पलटणींतला भिल्ल आणि बंडांतला भिल्ल हे एकाच डोंगरांतले. एकाच्या खांद्यावर सरकारची बंदूक आणि तिच्यासमोर त्याचेच भाऊबंद, असा तो काळ. वाघांच्या जोडीखालीं हें सारें झांकून जातें. औट्रम नामांकित शिकारी होता, म्हणून वाघ आले असावेत. पण त्याला वाघ दाखविणारेही भिल्लच होते, त्यांस फळीवर जागा नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं अस्सल कागदांच्या शोधांत आयुष्य वेंचलें आणि १९२६ त धुळ्यासच देह ठेविला. १९२७ त तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें. त्या खानदेशांत तरी ऐकीव नांव पितळेंत कोरूं नये, असें आम्हांस वाटतें. हें शस्त्र खाज्या नाइकाचें म्हणून मिरविणेंही तितकेंच चूक.

आम्हीं स्नेह्यांस कळविलें तें एवढेंच. वेलबुट्टी राहूं द्यावी. वाघ व औट्रम काढावे. पट्टीवर बंदुकीची जात, नमुन्याचें साल, आणि ती घरांत कोणाकडून व केव्हां आली तें लिहावें. माहीत नसेल तर जागा कोरी ठेवावी. दस्त्यांत स्क्रू मुळींच मारूं नये. दोन ठिकाणीं लांकडी आधार देऊन वर धुतलेलें सुती कापड लावावें. चामड्यानें पितळेवर हिरवट थर चढतो. फळीचें लांकूड चांगलें मुरलेलें असावें, आणि ती बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर न टांगतां आंतल्या भिंतीस लावावी. पाहुण्यांनीं नळीवरून हात फिरविल्यास घामाच्या खारानें दुसऱ्याच पावसाळ्यांत बोटांचे ठसे गंजून उमटतात, म्हणून फळी हाताच्या उंचीवर नसावी.