फॉरएव्हर चेंजिस

अमेरिकेतील लॉस अँजेल्स येथील ‘लव्ह’ ह्या रॉक वादकगटाची तिसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका. इलेक्ट्रा कंपनीने ती नोव्हेंबर १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. सायकेडेलिक रॉक म्हणजे भ्रमकारी द्रव्यांच्या सेवनाने पालटलेल्या जाणिवेचा आभास निर्माण करू पाहणारा संगीतप्रकार. त्याला व्हायोलिन, ट्रंपेट आदींच्या वाद्यवृंदाची जोड देणाऱ्या कृतींत हिला महत्त्वाचे स्थान आहे. प्रारंभी अल्प खप आणि तीन-चार दशकांनंतर अभिजात कृती म्हणून मान्यता, असा तिचा इतिहास असल्याने लोकप्रिय संगीतातील मूल्यमापन काळानुसार कसे पालटते, ह्याचे ती बोलके उदाहरण ठरते.

गौरवर्णीय व कृष्णवर्णीय वादक एकत्र असलेल्या ह्या गटाचा प्रमुख आर्थर ली (१९४५–२००६) हा होता. अकरा गीतांपैकी ‘अलोन अगेन ऑर’ व ‘ओल्ड मॅन’ ही दोन ब्रायन मॅक्लीन (१९४६–९८) ह्याची असून उर्वरित लीची आहेत. गटातील शैथिल्यामुळे दोन गीतांच्या ध्वनिमुद्रणासाठी सुरुवातीला बाहेरचे व्यावसायिक वादक आणावे लागले. लीला स्वरलेखन येत नव्हते. त्याच्या मनातील सुरावटी ऐकून डेव्हिड एंजेल ह्याने त्या स्वरलिपीत उतरविल्या व वाद्यवृंदाची रचना सिद्ध केली. लीबरोबर ब्रूस बॉटनिक हा सहनिर्माता होता. ध्वनिमुद्रण जून ते सप्टेंबर १९६७ ह्या काळात झाले.

समकालीनांनी ह्या ध्वनिमुद्रिकेची पूर्ण उपेक्षा केली, ही रूढ समजूत बरोबर नाही. रोलिंग स्टोन ह्या नियतकालिकातील परीक्षणाने गटाच्या आधीच्या ध्वनिमुद्रिकांपेक्षा ही अधिक परिष्कृत असल्याचे नमूद केले होते. उपेक्षा झाली ती मुख्यत्वे अमेरिकन ग्राहकांकडून. बिलबोर्ड नियतकालिकाच्या खपाच्या यादीत ती १५४ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९६८ मध्ये तिने २४ वा क्रमांक गाठला. कॅलिफोर्नियाबाहेर क्वचितच कार्यक्रम करण्याची गटाची प्रवृत्ती हे अल्प खपाचे एक कारण मानले जाते. दुसरे कारण आशयात शोधता येते. १९६७ चा उन्हाळा तरुण पिढीच्या प्रेम व मुक्तीच्या घोषणांनी गाजत असता, लीची गीते मृत्यू, बंदिवास व व्हिएटनाम युद्धाची छाया ह्यांविषयी बोलत होती. आपला अंत जवळ आला आहे, ही बाविशीतील लीची धारणा त्यांमागे होती.

पुढील समीक्षकांनी नेमक्या ह्याच विसंगतीत कृतीचे सामर्थ्य पाहिले. तत्कालीन अनेक ध्वनिमुद्रिकांत वाद्यवृंद हा भव्यतेसाठी वरून चढविलेला साज असे. येथे अकूस्टिक गिटार हा पाया असून व्हायोलिनांचे मधुर स्वर शब्दांतील भीतीला उठाव देतात. ट्रंपेटची झेप आनंदाची वाटता वाटता अस्वस्थ करते. स्वर आणि शब्द ह्यांच्यातील हा ताण तत्कालीन अभिरुचीला अनोळखी होता. त्या काळाविषयीचा भाबडा आशावाद ओसरल्यावर तो अधिक अर्थपूर्ण वाटू लागला.

ही मान्यता ब्रिटनमध्ये विशेष दृढ झाली. शस्त्रविषयक गुन्ह्यासाठी १९९६ पासून तुरुंगात असलेला ली डिसेंबर २००१ मध्ये सुटला. २००२ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याच्या गौरवाचा प्रस्ताव मांडण्यात आला आणि जानेवारी २००३ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाद्यवृंदासह संपूर्ण ध्वनिमुद्रिका सादर झाली. रोलिंग स्टोनने २००३ मध्ये निवडलेल्या पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांत तिला ४० वे स्थान दिले. २००८ मध्ये ग्रॅमी संस्थेच्या गौरवसूचीत व पुढे अमेरिकन काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश झाला.

तथापि उत्तरकालीन कौलही अंतिम नसतो. रोलिंग स्टोनच्याच २०२० च्या सुधारित यादीत ती १८० व्या स्थानी गेली. निवड करणाऱ्यांचा वर्ग व अभिरुची बदलली होती. त्यामुळे ‘अन्याय व नंतर न्याय’ अशा सरळ मांडणीपेक्षा, प्रत्येक पिढीने आपल्या अनुभवाच्या प्रकाशात केलेले पुनर्वाचन म्हणून ह्या कृतीच्या समीक्षेकडे पाहणे अधिक युक्त ठरते.