झ्वी हाशिन आणि संमिश्र पदार्थ तुटण्याचे गणित

पोलादाची पट्टी कोणत्याही दिशेने ओढा, तिचे सामर्थ्य जवळपास सारखेच भरते. कार्बन तंतू आणि इपॉक्सीच्या पट्टीचे तसे नाही. तंतूंच्या दिशेने ती पोलादाच्या तोडीची असते, पण आडवी ओढली की थोड्या ताणानेच फाटते. लाकूड रेषेच्या दिशेने किती सहज फुटते, ते आठवा. त्यामुळे ‘हा भाग कधी तुटेल?’ याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

१९७१ मध्ये स्टीफन त्साय आणि एडवर्ड वू यांनी सगळी प्रतिबले एकाच वर्गसमीकरणात बसवली. डाव्या बाजूची किंमत १ झाली की पदार्थ निकामी. हिशेबाला सोयीचे असल्याने समीकरण रूढ झाले.

तेल अवीव विद्यापीठातील प्राध्यापक झ्वी हाशिन यांना ते पटले नाही. तंतू तुटणे आणि मधले मॅट्रिक्स चिरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांना एकच सूत्र कसे चालेल? शिवाय त्या सूत्रात पट्टी दोन्ही दिशांनी ओढली, तरी उत्तर तिच्या दाबातील सामर्थ्यावर अवलंबून राहते. ओढून तुटणाऱ्या वस्तूचा दाबाशी काय संबंध? (परीक्षेत हा मुद्दा फारच थोडे विद्यार्थी लिहितात.) १९८० च्या शोधनिबंधात हाशिन यांनी तंतू आणि मॅट्रिक्स यांच्यासाठी ताण व दाब असे चार स्वतंत्र निकष मांडले. मॅट्रिक्स ज्या प्रतलावर तुटते ते प्रतल शोधून त्यावरची प्रतिबले तपासावीत, हा विचारही त्यांनी त्यातच मांडला. पण ते गणित फार किचकट होते, म्हणून त्यांनी वर्गसूत्रांवरच भागवले. पुढे जर्मनीत आल्फ्रेड पुक यांनी तोच धागा उचलला.

आज अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये हाशिन निकष तयार मिळतो. विद्यार्थी तो निवडतात आणि लाल-निळे चित्र अहवालात चिकटवतात.

ब्रिटनमधील हिंटन, सोडन आणि कद्दूर यांनी निरनिराळे सिद्धांत प्रयोगांशी ताडून पाहण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला, तेव्हा हाशिन यांनाही बोलावणे गेले. त्यांनी नकार कळवला. आपले काम एकाच दिशेच्या तंतूंपुरते आहे, अनेक थरांचे लॅमिनेट कधी तुटेल ते आपल्याला सांगता येत नाही आणि इतर कोणाला येत असेल असेही वाटत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. उपक्रमात अखेरीस १९ सिद्धांत तपासले गेले. एकाच लॅमिनेटसाठी त्यांची भाकिते अनेक ठिकाणी एकमेकांपासून फार दूर निघाली.